‘माझं नॉर्मल आहे ना?’ पुरुष सहसा मोठ्याने न विचारणारा प्रश्न

2023 मध्ये एक बातमी जगभर फिरली: ताठ अवस्थेतल्या लिंगाची सरासरी लांबी 29 वर्षांत 24 टक्क्यांनी वाढली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ मायकेल आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 ते 2021 या काळातले 75 अभ्यास, म्हणजे 55,000 हून अधिक पुरुषांची मापं एकत्र केली आणि हा निष्कर्ष काढला. बऱ्याच जणांनी बातमी गंमत म्हणून वाचली आणि पुढे पाठवली. ज्याच्या मनात आधीपासूनच शंका घर करून बसली होती, त्याला मात्र ती टोचली. जग पुढे गेलं आणि आपण मागे राहिलो, असं त्याला वाटलं.

ही शंका असणारे पुरुष पुष्कळ आहेत. ती बोलून दाखवणारे फार थोडे. कुणाला लांबीची काळजी असते, कुणाला बाकाची. कुणाचं एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असतं, कुणाला कडेला बारीक दाणे दिसतात, कुणाची कातडी मागे सरकत नाही. मित्राला विचारता येत नाही, घरात विषय काढता येत नाही, डॉक्टरांसमोर जीभ जड होते. मग रात्री एकट्याने फोनवर शोध सुरू होतो आणि तिथे समोर येतात त्या जाहिराती.

या गप्प बसण्याचे दोन तोटे आहेत. काहीच बिघडलेलं नसतं तो माणूस वर्षानुवर्षं झुरत राहतो. आणि खरोखर बिघडलेलं असतं तो लाजेपायी उशिरा पोहोचतो. दिसण्याची काळजी वेगळी आणि आजाराची खूण वेगळी. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून ठेवता आल्या, तर निम्मं ओझं तिथेच उतरतं.

दोन-तीन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजेच युरोलॉजिस्ट, हे मूत्रपिंड, मूत्राशय, मूत्रमार्ग आणि पुरुषाची जननेंद्रियं यांचे डॉक्टर. अंडकोष म्हणजे बाहेरून दिसणारी कातडीची पिशवी, आणि वृषण म्हणजे तिच्या आतल्या दोन ग्रंथी. देहप्रतिमा म्हणजे आपलं शरीर कसं आहे याचं आपल्या मनात तयार झालेलं चित्र. हे चित्र आणि प्रत्यक्ष शरीर यांत बरंच अंतर असू शकतं.

बातमीत जे आलं नाही

स्टॅनफर्डच्या अभ्यासात लांबी तीन प्रकारे पाहिली होती: शिथिल अवस्थेत, शिथिल लिंग हळूच ताणून आणि ताठ अवस्थेत. यांपैकी फक्त ताठ अवस्थेतल्या लांबीत वाढ दिसली. शिथिल आणि ताणलेल्या लांबीत काळानुसार कोणताही कल दिसला नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ताणलेली लांबी आणि ताठ लांबी साधारण जवळपास असतात. एक वाढली आणि दुसरी जिथल्या तिथे राहिली, तर मापनाकडेही नीट पाहावं लागतं. ताठ अवस्थेतलं माप घेणं अवघड असतं. कुठे पुरुषाने स्वतः ताठरता आणलेली असते, कुठे ती इंजेक्शनने आणलेली असते. शिवाय अशा अभ्यासाला आपणहून तयार होणारे पुरुष हे सगळ्या पुरुषांचे प्रतिनिधी असतीलच असं नाही. वाढ खरी असेल तर ती अभिमानाची नव्हे, काळजीची बाब आहे, असं आयझेनबर्ग यांचं म्हणणं होतं, कारण इतक्या कमी काळात शरीराच्या घडणीत बदल होत असेल तर त्याचं कारण शोधायला हवं. त्या बातमीवरून एखाद्या माणसाने स्वतःबद्दल काही ठरवावं, असं तिच्यात काहीच नव्हतं.

मग नॉर्मल म्हणजे किती?

2015 मध्ये लंडनमधले मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड वील आणि सहकाऱ्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्वतः घेतलेली, जास्तीत जास्त 15,521 पुरुषांची मापं एकत्र केली. पुरुषांनी स्वतः सांगितलेले आकडे त्यांनी घेतले नाहीत, कारण स्वतः सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमी वाढीव असतो. हे काम एका मनोविकारतज्ज्ञाच्या पुढाकाराने झालं यालाही अर्थ आहे. स्वतःच्या आकाराने हैराण झालेल्या पुरुषांना दाखवायला एक भरवशाचा तक्ता हवा होता.

त्यात आलेले सरासरी आकडे असे: शिथिल लांबी 9.16 सेंमी, ताणलेली 13.24 सेंमी, ताठ 13.12 सेंमी, ताठ अवस्थेतला घेर 11.66 सेंमी. पण सरासरीवर थांबू नका. सरासरी म्हणजे पास होण्याची मर्यादा नव्हे. ती मधली जागा असते, आणि तिच्या खाली जवळपास निम्मे पुरुष असणारच. पाहायचा तो विस्तार. 100 पुरुषांपैकी सुमारे 90 जणांची ताठ लांबी साधारण 10 ते 16 सेंमीच्या आत येते. वैद्यकशास्त्र ‘फार लहान’ कशाला म्हणतं, तर ताणलेली लांबी सरासरीपेक्षा प्रमाण विचलनाच्या (म्हणजे मापं सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत ते सांगणाऱ्या आकड्याच्या) अडीचपटीहून जास्त कमी असेल त्याला. प्रौढांत ही मर्यादा साधारण साडेसात ते नऊ सेंमीच्या आसपास धरली जाते. याचं मूळ बहुतेक वेळा गर्भावस्थेतल्या संप्रेरकांमध्ये असतं, आणि ते बहुधा लहानपणीच लक्षात येतं.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये झालेला, 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या विषयात फार बोलका वाटतो. आपलं लिंग लहान आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या 67 पुरुषांची मापं घेतली गेली. त्यांच्यातला एकही जण वैद्यकीय व्याख्येनुसार लहान निघाला नाही. सगळे नेहमीच्या मर्यादेत होते. मोजपट्टी एक सांगत होती आणि त्यांच्या मनातलं चित्र दुसरंच.

“पण मला माझ्या डोळ्यांनी दिसतंय ना!”

दिसतं हे खरं. पण कुठून दिसतं? माणूस स्वतःकडे वरून खाली पाहतो. त्या कोनातून पुढे आलेली कोणतीही गोष्ट आखूड दिसते. दुसऱ्या पुरुषाकडे मात्र तो समोरून किंवा बाजूने पाहतो, आणि त्या कोनातून पूर्ण लांबी दिसते. म्हणजे तुलना सुरू होण्याआधीच आपलं पारडं हलकं झालेलं असतं. आरशासमोर बाजूने उभं राहून पाहिलं तर हा फरक लगेच कळतो.

ओटीपोटाखालच्या हाडावर चरबीचा थर असतो. वजन वाढलं की तो जाड होतो आणि लिंगाचा मुळाकडचा भाग त्यात बुडतो. लिंग तेवढंच असतं, बाहेर दिसणारा भाग कमी होतो. म्हणूनच डॉक्टर माप घेताना पट्टी हाडापर्यंत दाबून धरतात. वजन कमी झाल्यावर बुडालेला भाग पुन्हा दिसू लागतो.

शिथिल अवस्थेतल्या मापाला फारसा अर्थ नाही. थंडी, भीती, ताण, व्यायाम यांनी ते तासाभरात बदलतं. काहींचं लिंग शिथिल असताना लहान असतं आणि ताठ होताना पुष्कळ वाढतं, काहींचं आधीच लांब असतं आणि थोडंच वाढतं. कपडे बदलायच्या खोलीत शेजारच्याकडे टाकलेल्या ओझरत्या नजरेतून काहीच सिद्ध होत नाही.

आणि अश्लील चित्रफिती. तिथे माणसं आकार पाहूनच निवडलेली असतात, कॅमेरा खालून आणि जवळून लावलेला असतो, आणि हव्या त्या क्षणांचे तुकडे जोडलेले असतात. किशोरवयात ज्याने हेच पाहिलं, त्याच्या मनातली मोजपट्टी सुरुवातीपासूनच चुकीची असते. आदर्शसुद्धा कायम एकच राहिलेला नाही. प्राचीन ग्रीक शिल्पांमध्ये देवांची आणि वीरांची लिंगं मुद्दाम लहान घडवली जात, कारण लहान आकार संयमाचं लक्षण मानला जाई. मोठा आकार अर्धपशू सॅटरांसारख्या बेलगाम पात्रांच्या वाट्याला येई.

जोडीदाराला काय वाटतं? 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या इंटरनेट सर्वेक्षणात 50,000 हून अधिक स्त्री-पुरुषांनी भाग घेतला होता. 85 टक्के स्त्रिया जोडीदाराच्या आकाराबद्दल समाधानी होत्या. स्वतःच्या आकाराबद्दल समाधानी पुरुष मात्र 55 टक्केच. या दोन आकड्यांमधल्या दरीत किती तरी पुरुष विनाकारण कुढत असतात.

दिसायला वेगळं, पण आजार नाही

काही गोष्टी पाहून माणूस हादरतो, आणि त्या पूर्णपणे निरुपद्रवी असतात.

लिंगाच्या टोकाच्या बोंडाला जी कडा असते तिच्यावर एक-दोन मिलिमीटरचे, कातडीच्या रंगाचे किंवा पांढुरके दाणे ओळीने दिसू शकतात. मोत्यांसारखे एकाशेजारी एक, कधी दोन-तीन ओळींत. ते संसर्गाने होत नाहीत, दुसऱ्याला लागत नाहीत आणि कर्करोगाशी त्यांचा काही संबंध नाही. तरुणपणी ते दिसू लागतात आणि वयाबरोबर फिके होतात. लिंगाच्या दांड्यावर आणि अंडकोषावर दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी असतात. या दोन्हींना गुप्तरोग समजून घरगुती औषधं आणि ॲसिड लावणारे लोक आहेत, आणि त्यातून भाजल्याच्या जखमा होतात. असं काहीही करू नका. दाणे ओळीत नसतील, फुलकोबीसारखे वाढत असतील, किंवा अचानक नवे आले असतील, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांना ते पाहून सहसा लगेच सांगता येतं.

एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असतं, बहुतेकांत डावं. थोडा लहान-मोठेपणाही नेहमीचाच. अंडकोष कधी आक्रसतो, कधी सैल लोंबतो, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं आणि ही पिशवी सतत ते जुळवून घेत असते. मधोमध जाणारी गडद रेघ जन्मापासूनची असते. ताठ अवस्थेत थोडा बाक असणंही सर्रास आढळतं. हस्तमैथुनाने लिंग वाकडं किंवा बारीक होतं, ही समजूत खोटी आहे.

मूत्रमार्गाचं तोंड नेमकं टोकाला असावं असं आपल्याला वाटतं. जर्मनीतल्या, 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 500 पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा ते अपेक्षित जागी जेमतेम 55 टक्के पुरुषांत आढळलं. 13 टक्क्यांत ते इतकं खाली होतं की वैद्यकीय व्याख्येत त्याला जन्मजात दोष म्हणता आलं असतं. तरी हे पुरुष उभ्याने, एका धारेत लघवी करत होते, आणि बहुतेकांना आपल्यात काही वेगळं आहे याची कल्पनाही नव्हती. ‘दोष’ आणि ‘वेगळेपण’ यांच्यातली रेघ किती पुसट असते ते यातून दिसतं.

आता खऱ्या खुणा

आता ज्या गोष्टींसाठी लाज बाजूला ठेवून जायलाच हवं, त्या.

सगळ्यात तातडीची गोष्ट म्हणजे वृषणात अचानक उठलेली तीव्र कळ, मळमळीसह किंवा मळमळीशिवाय. वृषण स्वतःभोवती पिळला जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा वाचतो, पुढे प्रत्येक तासाला शक्यता घटत जाते. किशोरवयीन मुलांमध्ये हे जास्त होतं, आणि नेमकी हीच मुलं ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतात. घरात असा मुलगा असेल तर दुखणं नेमकं कुठे आहे ते सरळ विचारा. सकाळपर्यंत थांबू नका.

मागे घेतलेली कातडी बोंडामागे अडकून सूज आली आणि पुढे येत नसेल, तर तेही तातडीचं. कातडी मुळातच मागे सरकत नसेल तर मात्र वयाकडे पाहावं लागतं. लहान मुलांत ती चिकटलेली असणं नैसर्गिक आहे आणि वाढत्या वयात ती आपोआप सुटते. ओढून सोडवू नये, त्याने व्रण पडून खरा त्रास सुरू होतो. मोठ्या वयात त्रास असेल तर स्टेरॉइड असलेल्या मलमाने पुष्कळांना गुण येतो, प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही.

वृषणात न दुखणारी कडक गाठ लागली, तर न दुखणं हे धीर धरायचं कारण नव्हे. वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने 15 ते 40 या वयात होतो, आणि लवकर सापडला तर 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. गाठ ओळखायची तर आधी नेहमीचं वृषण कसं लागतं ते माहीत हवं. कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर अंडकोष सैल असतो. अंगठा आणि बोटांच्या मध्ये एकेक वृषण धरून हलकेच फिरवा. ते गुळगुळीत, लंबगोल आणि थोडं टणक लागतं. मागच्या बाजूला एक मऊ, गुंतवळीसारखी पट्टी लागेल. ती गाठ नव्हे. ती शुक्राणू साठवणारी नलिका आहे. ही ओळख नसल्यामुळे पहिल्यांदा हात लागला की कित्येकांच्या काळजाचा ठोका चुकतो. अंडकोषातल्या इतर फुगवट्यांपैकी बरेच पाण्याचे किंवा शिरांचे असतात. शिरा फुगण्याचा प्रकार सुमारे 15 टक्के पुरुषांत असतो, बहुधा डाव्या बाजूला, कारण तिकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त उतरायला अडखळतं. यातलं काय कशाचं, हे सोनोग्राफीत स्पष्ट होतं.

बाक नव्याने आला असेल, वाढत असेल, ताठरतेच्या वेळी दुखत असेल किंवा कातडीखाली कडक पट्टा लागत असेल, तर तो जन्मजात बाक नाही. आतल्या आवरणात व्रण तयार होतो आहे आणि त्यावर उपचार आहेत. लघवीतून रक्त एकदाच गेलं आणि दुखलं नाही, तरीही तपासणी हवीच. चाळिशीच्या आसपास ताठरता हळूहळू कमी होऊ लागली तर मधुमेह, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळ्याची पहिली चाहूल कधी कधी इथेच लागते.

काळजी हीच दुखणं होते तेव्हा

तपासणी झाली, डॉक्टरांनी सगळं ठीक म्हटलं, आणि तरीही मन शांत होत नाही. असे पुरुष खूप आहेत, आणि त्यांना ‘काही नाही हो तुम्हाला’ म्हणून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना काहीतरी आहे. फक्त ते लिंगात नाही.

न दिसणाऱ्या किंवा किरकोळ उणिवेचाच विचार दिवसाकाठी तास-तासभर डोक्यात फिरत राहतो, माणूस पुन्हा पुन्हा पाहतो, मोजतो, तुलना करतो, आणि त्यापायी नाती, काम, बाहेर जाणं टाळू लागतो. या अवस्थेला शरीरकुरूपता विकार म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतले मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मॉर्सेली यांनी तिचं वर्णन केलं होतं. आज ती मानसिक आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आहे. बऱ्याचदा ती किशोरवयात सुरू होते. तिच्यात नैराश्य येतं, आत्महत्येचे विचारही येतात, म्हणून तिला ‘नसती चिंता’ म्हणून सोडून देता येत नाही. असे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि लगेच मदत मिळवा.

मोजण्याने मन शांत का होत नाही? डास चावलेल्या जागी खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि मग खाज दुप्पट होते, तसंच हे आहे. पाहून झालं की थोडा वेळ दिलासा मिळतो. मेंदू मात्र एवढंच शिकतो की इथे धोका आहे, लक्ष ठेवायला हवं. म्हणून उपचाराचा गाभा असतो तो हे तपासणं पायरीपायरीने थांबवणं आणि टाळलेल्या गोष्टींना सामोरं जाणं. बोधात्मक वर्तन उपचार या पद्धतीत प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ हे करून घेतात. गरजेनुसार सेरोटोनिनवर काम करणारी औषधंही देतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला 12 आठवडेही लागू शकतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत. वृषणाची ओळख करून घ्या असं मी वर म्हटलं, पण ज्याला तपासत राहण्याची सवय जडली आहे त्याने ते स्वतःच्या मनाने न करता डॉक्टरांशी बोलून किती आणि कधी ते ठरवावं.

काळजीचा परिणाम शरीरावरही होतो, आणि माणूस नेमका इथे फसतो. ताठरता येते ती शरीर निवांत असताना काम करणाऱ्या मज्जासंस्थेमुळे. तिच्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. भीती वाटली की ॲड्रेनलिन उसळतं आणि त्याच रक्तवाहिन्या आक्रसतात. ‘आपलं लहान आहे, आज जमेल ना’ हा विचारच ताठरता घालवतो, आणि मग माणसाला वाटतं, बघा, आपल्यात खरंच खोट आहे. पहाटे किंवा झोपेत ताठरता येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत. अशा वेळी जोडीदाराशी मोकळं बोलणं आणि लैंगिक समुपदेशन यांचा गोळ्यांइतकाच, कधी जास्तही, उपयोग होतो. सार्वजनिक स्वच्छतागृहात शेजारी कुणी असलं की लघवीच न होणं हा याचाच एक भाऊबंद. तोही सामाजिक भीतीचा प्रकार आहे आणि हळूहळू सवय लावण्याच्या उपचाराने सुधारतो.

“मग सरळ आकारच वाढवला तर?”

गोळ्या, तेलं आणि मलमं यांनी लांबी वाढते याला पुरावा नाही. पंपाने रक्त ओढलं जातं, ताठरतेच्या दोषात त्याचा वैद्यकीय उपयोगही आहे, पण कायमची वाढ त्यातून होत नाही. ताण देणारी उपकरणं रोज कित्येक तास, महिनोन्महिने वापरली तर थोडी वाढ दिसल्याचे अभ्यास आहेत. फरक लहान असतो.

शस्त्रक्रियेबद्दल स्पष्टच सांगतो. लिंगाला हाडाशी बांधून ठेवणारा अस्थिबंध कापला की शिथिल अवस्थेत ते थोडं जास्त बाहेर येतं, ताठ लांबी वाढत नाही, उलट ताठरतेच्या वेळचा आधार कमी होऊ शकतो. घेर वाढवायला चरबी टोचली तर ती ओबडधोबड विरघळते आणि गाठी राहतात. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने या दोन्ही प्रक्रिया सुरक्षित किंवा परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही, अशी भूमिका घेतली आहे. पॅराफिन किंवा सिलिकोनचं तेल टोचून घेणं तर सरळ संकट ओढवून घेणं आहे. त्याने कातडी सडते आणि ती काढून टाकण्याची वेळ येते. आणि ज्याला शरीरकुरूपता विकार आहे त्याचं समाधान यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही बहुधा होत नाही. काळजी तीच राहते, जागा बदलते.

“माझं शरीर तर खरोखरच बदललंय”

वरचं सगळं ज्याचं शरीर निरोगी आहे त्याच्यासाठी झालं. प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्याला, एक वृषण काढावं लागलेल्याला, मूत्राशय काढून पोटावर लघवीची पिशवी लावलेल्याला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं कुणी सांगू नये. त्याने खरंच काहीतरी गमावलं आहे आणि त्याचं दुःख रास्त आहे.

अशा माणसाला आधी हवी असते ती खरी माहिती, तीही शस्त्रक्रियेआधी. प्रोस्टेट काढल्यावर लघवीवरचा ताबा बहुतेकांत काही महिन्यांत, वर्षभरापर्यंत सुधारत जातो आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम त्याला मदत करतात. ताठरता परतायला दोन वर्षंही लागू शकतात, आणि काहींना औषधं, पंप, इंजेक्शन किंवा लिंगात बसवायचं कृत्रिम रोपण लागतं. लांबी थोडी कमी झाल्यासारखी वाटणं हा काही रुग्णांचा खरा अनुभव आहे. संप्रेरक रोखणाऱ्या उपचारांनी छाती वाढते, अंगातून गरम वाफा निघतात, इच्छा मावळते. हे आधी ठाऊक असलं तर माणूस स्वतःला दोष देत बसत नाही.

एक वृषण काढलं तरी दुसरं निरोगी असेल तर ते संप्रेरक आणि शुक्राणू दोन्ही पुरवू शकतं. उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, त्याबद्दल विचारा. रिकाम्या जागी कृत्रिम वृषण बसवता येतं. बसवणं सक्तीचं नाही, आणि हवंसं वाटण्यात लाजण्यासारखंही काही नाही. लघवीच्या पिशवीसाठी पोटावर केलेलं तोंड लाल आणि ओलसर दिसतं, ते तसंच असायला हवं. त्याला स्पर्श केल्यावर दुखत नाही. पहिल्या दिवशी तिकडे पाहवत नाही असं कित्येक जण सांगतात. परिचारिकेबरोबर एकदा, मग आरशात, मग तयारी झाली की जोडीदारासोबत, अशा क्रमाने पाहणं सोपं जातं. जवळिकीच्या वेळी पिशवी आधी रिकामी करून कापडी आवरणाखाली झाकता येते.

जोडीदाराने ‘मला काही फरक पडत नाही’ असं घाईने म्हणू नये. त्याला फरक पडतो आहे. त्याचं ऐकून घ्यावं आणि स्पर्श थांबवू नये.

डॉक्टरांना सांगायचं कसं

पुष्कळ पुरुष अर्धा वेळ कंबरदुखीबद्दल बोलतात आणि उठता उठता दारात मुद्द्याची गोष्ट काढतात. त्याऐवजी बसल्या बसल्याच सांगा: “मला एका खाजगी जागेबद्दल बोलायचंय, संकोच वाटतोय.” पुढचं विचारण्याचं काम डॉक्टरांचं. तोंडून शब्दच फुटत नसतील तर कागदावर लिहून न्या: काय दिसतं, कधीपासून, बदलतंय का, दुखतं का, आणि रोज किती वेळ त्याचा विचार येतो. शेवटचा मुद्दा गाळू नका. उपचार मूत्ररोगतज्ज्ञाकडे आहे की मानसोपचारतज्ज्ञाकडे, हे बऱ्याचदा त्यावरूनच कळतं.

तपासणी काही मिनिटांची असते. उभं राहून आणि पडून पाहतात, हातमोजे घालून वृषण आणि वरच्या नलिका चाचपतात, खोकायला सांगतात. तपासणीत आपोआप ताठरता आली तर ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, डॉक्टरांना ते ठाऊक असतं. पुरुष डॉक्टर हवा किंवा स्त्री डॉक्टर, सोबत कुणी हवं किंवा नको, हे तुम्ही आधी सांगू शकता.

डॉक्टर हसले, किंवा तुमची शंका उडवून लावली, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पहिल्याच भेटीत मोठ्या रकमेचं पॅकेज पुढे करणाऱ्या, किंवा न तपासताच औषध देणाऱ्या ठिकाणाहून उठून या. तपासणीत काही सापडलं नाही आणि डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, तर तो अपमान समजू नका. ‘त्यांना कळवताना काय लिहाल?’ असं विचारून चिठ्ठी मागून घ्या आणि पहिल्या भेटीची वेळ त्याच आठवड्यात ठरवा.